बदलले म्हणून सांगितलेले, पण न बदललेले चार इंजेक्टर

सकाळी सेल्फ मारल्यावर इंजिन बराच वेळ नुसते फिरत राहते, एकदा सुरू झाले की दिवसभर तक्रार नसते, आणि चढावर मात्र अचानक ओढ कमी होऊन चेक इंजिनचा दिवा लागतो. डिझेल गाडीत ही लक्षणे एकत्र दिसली की मालकाला ‘चारही इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे भाग) गेले’ असे पटवून देणे फार सोपे असते. ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या एका गॅरेजने मला हेच सांगितले, ५८ हजार रुपये घेतले आणि प्रत्यक्षात एकही इंजेक्टर बदलला नाही. हा प्रकार इतक्या सफाईने केला जातो की तो सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

गायमुखच्या चढावर गाडी ओढेनाशी झाल्यावर ती या गॅरेजमध्ये नेली. तिथे स्कॅनर लावून पडद्यावरचा ‘पी ००८७’ हा कोड मला दाखवण्यात आला. हा कोड खरा होता. त्याचा अर्थ मात्र लबाडीने लावला गेला. रेलमध्ये, म्हणजे सर्व इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीत, हवा तेवढा दाब तयार होत नाही, एवढेच हा कोड सांगतो. दाब कमी पडण्यामागे तुंबलेला डिझेल फिल्टर, लाइनीत शिरणारी हवा, कमजोर झालेला पंप, दाब नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह किंवा रिटर्नला, म्हणजे टाकीकडे परतणाऱ्या नळीत, जास्त डिझेल सोडणारा इंजेक्टर यांपैकी काहीही असू शकते. कोणताही प्रामाणिक मेकॅनिक या यादीतील स्वस्त कारणापासून तपासायला सुरुवात करतो. येथे थेट सर्वांत महाग कारणावर बोट ठेवले गेले. दुसऱ्या दिवशी ट्रेमध्ये ठेवलेल्या चार काळवंडलेल्या इंजेक्टरांचा फोटो व्हॉट्सॲपवर आला आणि त्यासोबत टेस्ट बेंचचा, म्हणजे इंजेक्टर तपासण्याच्या यंत्राचा, म्हणून एक छापील कागद आला. त्या कागदावर ना गाडीचा क्रमांक होता, ना इंजेक्टरांचे. जुने इंजेक्टर मागितले, तेव्हा ते एक्सचेंजमध्ये जमा झाल्याचे उत्तर मिळाले.

गाडी परत मिळाली तेव्हा चढावरची ओढ सुधारलेली होती, आणि फसवणुकीचे मर्म येथेच आहे. बिलात उल्लेख न करता त्यांनी डिझेल फिल्टर बदलला होता. तुंबलेल्या फिल्टरमधून चढावर लागणारे डिझेल पुढे जात नव्हते, म्हणून दाब पडत होता. तो अडथळा दूर होताच गाडी ओढू लागली आणि त्याचे श्रेय ‘नव्या’ इंजेक्टरांना मिळाले. सकाळचा त्रास मात्र तसाच राहिला आणि पावसाळ्यात वाढत गेला.

त्यानंतर वागळे इस्टेटमधील एका जुन्या डिझेल कारागिरांकडे गाडी दाखवली. त्यांनी आधी फिल्टरच्या बुडाचा स्क्रू सैल करून डिझेल काचेच्या बाटलीत घेतले. थोड्याच वेळात तळाशी पाण्याचा थर स्पष्ट दिसू लागला. फिल्टरच्या घरातील रबरी रिंगही जुनी आणि कडक झालेली होती. रात्रभरात तिथून हवा शिरत होती आणि लाइनीतले डिझेल टाकीकडे उतरत होते. सकाळी इंजिन बराच वेळ फिरण्याचे कारण ते होते. मग त्यांनी चारही इंजेक्टरांच्या रिटर्नच्या नळ्या मापाच्या बाटल्यांत सोडून इंजिन चालू ठेवले. झिजलेल्या इंजेक्टरची बाटली इतरांपेक्षा लवकर भरते. येथे चारही बाटल्यांतील पातळी जवळपास सारखीच होती.

इंजेक्टर चांगले आहेत म्हणजे ते नवे असतील, अशी शंका कोणीही घेईल. म्हणून त्यांनी आवरण काढून इंजेक्टरांच्या डोक्यावर कोरलेले कोड वाचले. माझ्या गाडीत प्रत्येक इंजेक्टरचा कोड इंजिनच्या संगणकात भरावा लागतो. आधीच्या एका सर्व्हिसच्या वेळी मिळालेला स्कॅनचा छापील अहवाल फाइलमध्ये होता आणि त्यातील चारही कोड इंजिनात बसलेल्या इंजेक्टरांशी अक्षरशः जुळले. क्लॅम्पच्या बोल्टवरचा कित्येक वर्षांचा मळही हललेला नव्हता. व्हॉट्सॲपवरचा फोटो मोठा करून पाहिला, तेव्हा त्यातील वाचता येणारे कोड दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचे निघाले.

इंजेक्टर बदलायला कोणी सांगितले, तर रिटर्नची चाचणी आपल्यासमोर करण्याचा आग्रह धरावा, काम देण्यापूर्वी चारही कोडांचे फोटो घ्यावेत आणि जुने भाग परत देण्याची अट अंदाजपत्रकावर लिहून घ्यावी. खरोखर इंजेक्टर काढले, तर त्यांच्या खालचे तांब्याचे वॉशरही नवे लागतात. ते बिलात नसतील तर जरूर विचारावे. एवढी दक्षता घेण्याचे कारण असे की कॉमन रेल इंजिनातील दाब १६०० बारपर्यंत आणि काही इंजिनांत त्याहूनही वर जातो, आतल्या भागांमधील फट काही मायक्रॉनचीच असते आणि त्यांना वंगण मिळते ते डिझेलचेच. त्यात पाणी गेले की चांगला इंजेक्टरही खरोखरच खराब होतो. त्यामुळे माझ्या गाडीतील पाण्याकडे दुर्लक्ष करणाऱ्या त्या गॅरेजने पैसे तर घेतलेच, शिवाय शाबूत इंजेक्टरही धोक्यात घातले, याचा मला अधिक संताप आहे. फिल्टर कंपनीच्या पुस्तिकेनुसार वेळेवर बदलावा, सोबत नवी रिंग घालून घ्यावी आणि पावसाळ्यात त्यातील पाणी काढत राहावे.

गॅरेजने पैसे परत करण्यास नकार दिल्यावर मी लेखी नोटीस पाठवली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेही तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही आणि वकील नेमण्याची सक्ती नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. माझ्या तक्रारीसोबत यूपीआयची पावती, गॅरेजचे बिल, व्हॉट्सॲपवरचा फोटो, जुना स्कॅन अहवाल आणि दुसऱ्या कारागिरांचे लेखी निरीक्षण जोडले आहे.