पितळ उघडं पडलं ते यात्रेच्या स्टेजवर

जुने सिंबल, म्हणजे ड्रमसेटवरच्या धातूच्या झांजा, विकत घेणाऱ्या ड्रमरांनी, त्यातही ऑर्केस्ट्रात नव्याने वाजवायला लागलेल्या पोरांनी, हे जरूर वाचावं.

दिवाळीनंतर मोबाइलवर जाहिरात बघून मी मुंबईला गेलो. 20 इंची राइड (सतत ताल धरायचा सिंबल) आणि 16 इंची क्रॅश (मोक्याच्या जागी जोरात मारायचा), दोन्ही तुर्की हातघडणीचे, मिळून 22 हजार. माणूस बोलायला गोड. चहा पाजला. "दादा, तुम्ही वाजवणारे, तुमच्यापासून काय लपवायचं?" राइड स्टँडला लावून वाजवून दाखवली, सुंदर लागली. दुसरा स्टँड नाही म्हणून क्रॅश बोटावर तोलून काडीने दोनदा टिचकावला. एवढ्याशा खोलीत काय कळणार? कंपनीचा शिक्का दोन्हींवर सारखाच होता. पैसे मोजले. पावती मागायचं सुचलंच नाही.

पुढच्याच आठवड्यात एका गावच्या यात्रेत कार्यक्रम होता. क्रॅश सुरुवातीपासून कोरडा वाटत होता, पण साउंडवाल्याने माइक उतरवला असेल असं समजून मी वाजवत राहिलो. सहाव्या गाण्यात गायिकेने वरचा सूर धरला. सगळी वाद्यं थांबली. तिचा सूर सुटताना क्रॅशने ती जागा भरायची होती. मी मारला, तर परात आपटल्यासारखा आवाज. कड काडीखाली आत वळली, आणि पुढच्या फटक्याला वाऱ्यात छत्री उलटावी तसा अख्खा सिंबल उलटला. गायिकेने मागे वळून बघितलं. बिचारीचा महिनाभर घोटलेला सूर होता तो. मला अजून वाईट वाटतं.

उरलेली गाणी हाय-हॅट (पायाने मिटणारी सिंबलची जोडी) आणि राइडवर रेटली. आवराआवर करताना गावातले एक माळकरी आजोबा स्टेजमागे आले. क्रॅश उचलला, नखाने टिचकी मारली, कानाशी धरला. "बाळा, हे कासं नाही. पितळ आहे." आयुष्यभर टाळ पारखून घेतलेला कान तो.

उत्तम सिंबलच्या काशात साधारण 80 टक्के तांबं आणि 20 टक्के कथील असतं. पितळेत कथलाऐवजी जस्त. कासं कडक, ते तडकेल पण सहसा वळणार नाही, पितळ मऊ. वर शिक्का काय, कुणीही मारतो. म्हणून प्रत्येक नग स्टँडला लावून, जोरात मारून, आवाज पूर्ण विरेपर्यंत ऐका. कडेवरून नख फिरवा. अडकलं तर तडा आहे. मधलं भोक एका अंगाला लांबलेलं असेल तर सिंबल वर्षानुवर्षं स्टँडच्या उघड्या लोखंडावर घासलाय. आणि जुना माल आरशासारखा चकाकत असेल तर आधी शंका घ्या. माझा क्रॅश तसाच चकाकत होता.

विकणाऱ्याला फोन केला, तर पहिल्या दिवशी "बघतो" म्हटलं, दुसऱ्या दिवशी नंबर ब्लॉक. चौकीत पहिला प्रश्न आला, पावती कुठाय?

राइड खरी निघाली, ती वाजवतोय. क्रॅश भिंतीला टांगलाय. शिकायला येणाऱ्या पोरांना आधी तो वाजवायला देतो, मग राइड.