जुनी कार्बोरेटरवाली स्कूटर आणि ई-20 पेट्रोल: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

चतुर्थीला आम्ही सगळे पेडण्याला गावच्या घरी गेलो होतो, तेवढा काळ स्कूटर डिचोलीत पोर्चमध्ये उभी होती. परत आल्यावर सेल्फ मारून मारून बॅटरी उतरली, किक मारून पाय भरून आला, पण इंजिन काही पकडेना. चोक ओढल्यावर एकदाची सुरू झाली, तर ॲक्सिलरेटर सोडला की बंद. 110 सीसी, 2014 चं मॉडेल. पावसाळ्यात ती याआधीही पडून राहिली आहे, पण असा त्रास तिने कधी दिला नव्हता.

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी कार्बोरेटर (इंजिनला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा भाग) न उघडताच सांगितलं, पूर्ण बदलावा लागेल, तीन हजारांच्या वर जाईल. कारण विचारलं तर "जुनी गाडी आहे ना" एवढंच उत्तर. काय बिघडलंय हे न सांगता पार्ट बदलणाऱ्याला मी पैसे देत नाही. गाडी ढकलत नाक्यावरच्या गॅरेजात नेली. त्या पोराने माझ्यासमोर कार्बोरेटर उतरवला आणि खालची वाटी खोलली. तळाशी पिवळट चिकट थर, कडेने ॲल्युमिनियमवर पांढरी पूड. पायलट जेट, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक भोकाचा तुकडा, उजेडाकडे धरला तर भोकातून काहीच दिसेना. टाकीकडून येणारा रबरी पाइप दोन बोटांत वाकवला तर टोकाशी भेगा उघडल्या. वाटीतलं पेट्रोल त्याने औषधाच्या रिकाम्या बाटलीत ओतलं होतं. थोड्या वेळाने पाहिलं तर खाली एक गढूळसा थर वेगळा दिसत होता.

ई-20 म्हणजे वीस टक्के इथेनॉल (उसापासून वगैरे बनणारं अल्कोहोल) मिसळलेलं पेट्रोल. त्याबद्दल माझी जी काही तक्रार आहे ती सगळी या वाटीपाशी येऊन थांबते. इथेनॉल पाणी ओढतं, आणि कार्बोरेटरची वाटी हवेला उघडी असते. गाडी उभी राहिली की त्यातलं हलकं पेट्रोल उडून जातं आणि चिकटा मागे उरतो. दमट हवा आपलं काम करत राहते. थोडं पाणी मिश्रणात विरघळून जातं, पण मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाला बसतं. इंधन तळातूनच ओढलं जातं, म्हणजे जेटकडे पहिल्यांदा तेच पोचतं. शिवाय इथेनॉल टाकीतली जुनी घाण सोडवून पुढे ढकलतं, आणि साध्या रबराला आधी फुगवतं, मग कडक करतं. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. इथे हे होणारच.

आधी माझा सगळा राग मायलेजवर होता. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलच्या जेमतेम दोन-तृतीयांश ऊर्जा असते. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच लिहिलं होतं की, ई-10 साठी (दहा टक्के इथेनॉलसाठी) जुळवलेल्या दुचाकींचं मायलेज ई-20 वर 3 ते 4 टक्के घटेल आणि चारचाकींचं 6 ते 7 टक्के. माझी गाडी 48 वरून 45-46 वर आली. पैसे पूर्ण लिटरचे घेतात, ऊर्जा कमी देतात, हे मला आजही पटत नाही. पण हिशेब मांडून पाहिला. माझ्या वापराला महिन्याचा फरक एका मासळीच्या थाळीइतकाही निघत नाही. गॅरेजमध्ये मात्र एका फटक्यात त्याच्या कितीतरी पट गेले. त्यामुळे आता मायलेजवर मी फार भांडत नाही. गाडी उभी ठेवणं हाच खरा धोका आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. बायकोची 2023 ची इंजेक्शनवाली (कार्बोरेटरऐवजी दाबाने पेट्रोल फवारणारी) स्कूटर त्याच पंपावर भरते, त्याच पोर्चमध्ये, तेवढाच काळ उभी होती. पहिल्याच सेल्फला सुरू झाली. तिच्यात उघडी वाटी नाही, पाइप आणि सीलही ई-20 धरूनच बनवलेले. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असल्यामुळे चढावर नॉकिंगही, म्हणजे इंजिनची ठकठकही, होत नाही. ई-20 सगळ्याच गाड्या मोडून टाकतं असं म्हणणारे अतिशयोक्ती करतात.

पण 2020 पूर्वीच्या कार्बोरेटरवाल्या गाड्या गोव्यात घरोघरी आहेत, आणि फक्त गाड्याच नाहीत. काजूच्या बागायतीतलं रान मारायचं ग्रास कटर पावसानंतर महिनोन्‌महिने कोपऱ्यात पडून असतं. त्याच्या कार्बोरेटरमधला पातळ रबरी पडदा कडक झाला की मशीन गेलं. होड्यांच्या पेट्रोलवर चालणाऱ्या आउटबोर्ड मोटरींची गत तीच. यांचा विचार कोणी केला? ऊसवाल्याला पैसे मिळावेत याला माझी ना नाही. धारबांदोड्याचा संजीवनी साखर कारखाना 2019 नंतर गाळपाविना पडला आहे, तिथे इथेनॉल प्रकल्प आला तर मला आनंदच होईल. पण पंपावर साधं पेट्रोल निवडायची सोय हवी होती. ब्राझीलमध्ये इथेनॉल जुनं आहे; साधं पेट्रोल तिथेही मिळत नाही, पण मिश्रित पेट्रोल भरायचं की निव्वळ इथेनॉल, एवढं तरी गाडीवाला ठरवतो. आपल्याकडे साध्या पेट्रोलची मागणी सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2025 मध्ये फेटाळली. पेट्रोलियम मंत्रालय म्हणतं, जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग 20 ते 30 हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतील, खर्च किरकोळ. पाइपपुरतं ते खरं आहे. वाटी गंजली तर तो खर्च किरकोळ राहत नाही.

आता माझ्या गाडीचं म्हणाल तर वाटी साफ करून, जेट आणि पाइप बदलून चारशेच्या आत काम झालं. तेव्हापासून एका किकमध्ये सुरू होते. दोन-तीन दिवसांत एकदा तरी फिरवतो. आठवडाभर उभी राहणार असेल तर वाटीखालचा ड्रेन स्क्रू सैल करून आतलं पेट्रोल बाटलीत काढून घेतो. पावसात टाकी भरलेली ठेवतो, म्हणजे आत ओली हवा कमी राहते. झाकणाचं रबर तडकलेलं होतं, तेही बदललं, कारण हवेतल्या ओलाव्यापेक्षा झाकणातून झिरपणारं पाणी टाकी लवकर खराब करतं.

पंपावर इथेनॉलपासून वाचवणारी म्हणून जी ॲडिटिव्हची बाटली पुढे करतात, ती मी घेत नाही. कडक झालेलं रबर तिने मऊ होत नाही, आणि तेवढ्या पैशांत नवा पाइप क्लिपांसकट येतो. फक्त दुकानात ई-20 ला चालणारा आहे का हे विचारून घ्या. दिसायला दोन्ही सारखेच काळे असतात.