रेसिड्यू कॉन्टॅक्ट मोजायचेत, पण कुठल्या पद्धतीनं? सी-अल्फा, सी-बीटा, हेवी ॲटम की व्होरोनॉय

प्रोटीनच्या स्ट्रक्चरमध्ये कुठले दोन रेसिड्यू (साखळीतली अमिनो ॲसिडं) एकमेकांना टेकलेत हे काढायला बसलं की पहिला प्रश्न कटऑफचाच, म्हणजे किती अंतरापर्यंत टेकलेलं मानायचं याचाच येतो, ४.५ अँगस्ट्रॉम (०.४५ नॅनोमीटर) घेऊ की ८ घेऊ, आणि बहुतेक जण हाताशी असलेल्या स्क्रिप्टमध्ये जो आकडा असेल तोच ठेवून पुढे जातात. मला वाटतं आकडा नंतर बघावा, आधी अंतर कुठून कुठे मोजायचंय ते ठरवावं. तेच ८ अँगस्ट्रॉम सी-अल्फापासून (बॅकबोन म्हणजे साखळीच्या कण्यातल्या कार्बनपासून) मोजले तर एक मॅप येतो आणि सी-बीटापासून (साइडचेन म्हणजे कण्यातून बाहेर आलेल्या फांदीच्या पहिल्या कार्बनपासून) मोजले तर वेगळा, आणि दोन्हीला आपण कॉन्टॅक्ट मॅपच, म्हणजे कुठल्या जोड्या टेकल्या याचा तक्ताच म्हणतो.

तुलना करायला दोन जोड्या डोळ्यांसमोर ठेवूया. पहिली, आर्जिनिन आणि ॲस्पार्टेट यांच्यातला सॉल्ट ब्रिज, म्हणजे विरुद्ध चार्जच्या साइडचेनमधली ओढ. दुसरी, बीटा शीटमधल्या (साखळीचे ताठ भाग म्हणजे स्ट्रँड शेजारशेजारी बसून झालेल्या पापुद्र्यातल्या) शेजारशेजारच्या दोन स्ट्रँडवरचे असे रेसिड्यू की एकाची साइडचेन शीटच्या वरच्या बाजूला आणि दुसऱ्याची खालच्या बाजूला.

सी-अल्फा सगळ्यात सोपं. प्रत्येक रेसिड्यूला एकच बिंदू, साइडचेन अर्धवट दिसत असली तरी चालतं, आणि लो रिझोल्यूशनच्या स्ट्रक्चरमध्ये कधी कधी तेवढंच भरवशाचं असतं. इलॅस्टिक नेटवर्क मॉडेलवाले (प्रोटीनला स्प्रिंगांनी जोडलेले बिंदू मानणारे) हेच वापरतात, त्यातल्याच गॉसियन नेटवर्क मॉडेलमध्ये साधारण ७ अँगस्ट्रॉमचा कटऑफ असतो आणि तिथे तो बरोबरच आहे कारण त्यांना बॅकबोन एकत्र कसा हलतो ते बघायचं असतं. पण आपल्या दोन जोड्यांवर लावून बघा. आर्जिनिनची साइडचेन इतकी लांब असते की सॉल्ट ब्रिज अगदी पक्का असला तरी दोन सी-अल्फामधलं अंतर १० अँगस्ट्रॉमच्या पुढे जाऊ शकतं, म्हणजे खरा कॉन्टॅक्ट सुटला. आणि बीटा शीटवाली जोडी, जिच्या साइडचेन एकमेकींकडे पाठ करून उभ्या आहेत, तिचे सी-अल्फा जवळ असल्यामुळे ती आरामात मोजली जाते. म्हणजे चूक दोन्हीकडून होते, आणि साइडचेनबद्दल काही बोलायचं असेल तर ही पद्धत घेऊच नका.

सी-बीटा ८ अँगस्ट्रॉम ही कास्प या प्रोटीन स्ट्रक्चर प्रेडिक्शनच्या स्पर्धेतली व्याख्या, ग्लायसिनला सी-बीटाच नाही म्हणून तिथे सी-अल्फा घ्यायचा. सी-बीटा साइडचेनच्या दिशेला असतो त्यामुळे पाठमोऱ्या जोड्या बऱ्याच गळतात. हिशोबही हलका, ३०० रेसिड्यूच्या प्रोटीनमध्ये ४४,८५० जोड्या, लॅपटॉपवर क्षणात होतात. कॉन्टॅक्ट प्रेडिक्शनशी तुलना करायची असेल, कोइव्होल्यूशनचे (कुठले रेसिड्यू उत्क्रांतीत जोडीनं बदलले याचे) स्कोअर तपासायचे असतील किंवा हजारो स्ट्रक्चर एकाच मापानं चाळायची असतील तर डोळे मिटून हीच घ्या, कारण बाकी सगळे हीच वापरतात आणि वेगळी व्याख्या घेतली तर तुमचे आकडे त्यांच्या आकड्यांशेजारी ठेवताच येत नाहीत. कास्पमध्ये सिक्वेन्समधलं अंतरही (साखळीतल्या क्रमांकांमधला फरक) ठरलेलं आहे, ६ ते ११ शॉर्ट, १२ ते २३ मीडियम आणि २४ पासून पुढे लाँग रेंज. पण आर्जिनिन-ॲस्पार्टेट जोडी इथेही सुटू शकते, आणि नेमकं तेच बघायचं असेल तर सी-बीटाचा मॅप कितीही स्वच्छ दिसला तरी उपयोग नाही.

आता हेवी ॲटम, म्हणजे हायड्रोजन सोडून दोन रेसिड्यूंमधल्या कुठल्याही दोन ॲटममधलं सगळ्यात कमी अंतर. कटऑफ बहुतेक वेळा ४.५, कुणी ४ घेतं कुणी ५. हा आकडा हवेतून आलेला नाहीये. कार्बनची व्हॅन डर वाल्स त्रिज्या साधारण १.७, म्हणजे दोन कार्बन एकमेकांना टेकले की अंतर ३.४, आणि मध्ये पाण्याचा एक रेणू बसायचा तर अजून २.८ लागतात, म्हणजे ६.२. ४.५ च्या आत असलेल्या दोन कार्बनांच्या बरोब्बर मध्ये पाणी बसूच शकत नाही, ॲटम थरथरले तरी थोडी ढील उरते, म्हणून हा कटऑफ मला पटतो. सॉल्ट ब्रिज इथे सापडतो. बीटा शीटवाली जोडी मात्र बॅकबोनमुळे पुन्हा आत येते, तेव्हा साइडचेनचंच बघायचं असेल तर बॅकबोनचे ॲटम वगळून मोजा, हे बरेच जण विसरतात. अजून एक, हेलिक्समध्ये (साखळीच्या स्प्रिंगसारख्या वेटोळ्यात) आय आणि आय अधिक ४, म्हणजे एक रेसिड्यू आणि त्याच्यापुढचा चौथा, हे कायमच जवळ असतात, त्यामुळे सिक्वेन्समधले जवळचे शेजारी काढून टाकल्याशिवाय कॉन्टॅक्टची संख्या सांगितली तर ती संख्या फोल्डबद्दल (साखळीच्या एकूण घडीबद्दल) फार काही सांगत नाही, नुसतं हेलिक्स किती आहे तेच सांगते.

अंतरावर चालणाऱ्या सगळ्याच पद्धतींत एक दुखणं आहे. दोन ॲटम ५ अँगस्ट्रॉमवर आहेत पण मध्ये तिसरा घुसलाय, तरी कॉन्टॅक्ट मोजला जातो. कटऑफ वाढवत नेलात तर हे झपाट्यानं वाढतं. व्होरोनॉय पद्धतीत प्रत्येक ॲटमला त्याच्या वाट्याची जागा वाटून दिली जाते आणि दोन ॲटमच्या जागांची भिंत एकमेकींना लागत असेल तरच कॉन्टॅक्ट, मधे तिसरा असला की भिंत लागतच नाही किंवा छोटी होते. प्रोटीनचं पॅकिंग मोजायला फ्रेडरिक रिचर्ड्स या संशोधकांनी १९७४ मध्येच ही कल्पना वापरली होती. पृष्ठभागावर जागा बाहेरून उघडी राहते, म्हणून पाण्याच्या रेणूएवढी, १.४ अँगस्ट्रॉम त्रिज्येची गोळी फिरवून ती मर्यादित करतात, व्होरोनोटा हे टूल असंच करतं. उत्तर हो-नाहीमध्ये न येता क्षेत्रफळात येतं, आणि मला हे सगळ्यात प्रामाणिक माप वाटतं, विशेषतः दोन चेनमधला इंटरफेस किंवा आतलं पॅकिंग बघायचं असेल तर, कारण जेमतेम टेकलेली जोडी आणि घट्ट बसलेली जोडी यात इथे फरक दिसतो. अडचण एवढीच की इतर लोकांच्या ४.५ वाल्या आकड्यांशी थेट तुलना होत नाही आणि शिकायला एखादा दिवस जातो.

पाचवा पर्याय म्हणजे कॉन्टॅक्ट कुठल्या जातीचा तेही काढणं, हायड्रोजन बाँड, सॉल्ट ब्रिज, पाय स्टॅकिंग (साइडचेनमधल्या सपाट कड्या एकमेकींवर बसणं) वगैरे. रिंग आणि आर्पेजिओ ही त्यासाठीची नेहमीची टूल्स, पीएलआयपीचा भर लिगँडवर (प्रोटीनला येऊन चिकटणाऱ्या रेणूवर) आहे, आणि ट्रॅजेक्टरी (सिम्युलेशनमधल्या हालचालीच्या फ्रेमची मालिका) असेल तर गेटकॉन्टॅक्ट्स. म्यूटेशननं काय बिघडलं हे समजावायचं असेल तर मी इथूनच सुरू करते, कारण "चार कॉन्टॅक्ट कमी झाले" यापेक्षा "हा सॉल्ट ब्रिज गेला" याला अर्थ आहे. हिमोग्लोबिनमध्ये ऑक्सिजन नसताना बीटा चेनमधला ॲस्पार्टेट ९४ आणि हिस्टिडिन १४६ यांच्यात सॉल्ट ब्रिज असतो, ऑक्सिजन लागल्यावर तो सुटतो, आणि बोर इफेक्टमध्ये (आम्लता वाढली की हिमोग्लोबिननं ऑक्सिजन सोडण्यात) त्याचा मोठा वाटा आहे. नुसता कॉन्टॅक्ट मॅप बघून ही गोष्ट कळणार नाही. पण हिस्टिडिनवर प्रोटॉन आहे की नाही हे बहुतेक एक्स-रे स्ट्रक्चरमध्ये दिसतच नाही, तेव्हा हायड्रोजन कसे बसवले यावर टूलचं उत्तर बदलतं, ते एकदा हातानं तपासा.

ट्रॅजेक्टरीवर काम असेल तर गणित थोडं बदलतं. ४.५ च्या आसपास डोलणारी जोडी एका फ्रेममध्ये आत आणि पुढच्यात बाहेर, म्हणून एका फ्रेमवर काही ठरवू नका, किती टक्के फ्रेममध्ये कॉन्टॅक्ट टिकला ते बघा, रेसिड्यूंच्या कॉन्टॅक्टचं नेटवर्क बांधण्याच्या कामात ४.५ अँगस्ट्रॉम आणि ७५ टक्के फ्रेम ही जोडी बरीच चालते. फोल्डिंगमध्ये नेटिव्ह कॉन्टॅक्टचा (पूर्ण घडी झालेल्या स्ट्रक्चरमधल्या कॉन्टॅक्टपैकी किती जुळलेत त्याचा) अंश काढायचा असेल तर बेस्ट, हमर आणि ईटन यांनी २०१३ मध्ये दिलेला सौम्य कटऑफ वापरा, त्यात कॉन्टॅक्ट एकदम शून्यावर न जाता हळूहळू उतरतो. आणि ट्रॅजेक्टरी वाचायच्या लायब्ररींपैकी एमडीट्राज नॅनोमीटरमध्ये बोलतं, एमडीअॅनालिसिस अँगस्ट्रॉममध्ये, तेव्हा पहिल्यात ०.४५ लिहायचं. मी एकदा तिथे ४.५ लिहून सगळे रेसिड्यू सगळ्यांना टेकलेले बघितलेत आणि अर्धा दिवस स्ट्रक्चरमध्येच चूक शोधत बसले होते.

काहीच ठरत नसेल तर मी हेवी ॲटम ४.५ नं सुरू करा म्हणेन, मग तोच हिशोब ४ आणि ५ वर परत करा. निष्कर्ष तिन्हीकडे तोच आला तर पुढे जा, बदलला तर व्होरोनॉयच्या क्षेत्रफळावर या, कारण मग तुमचं उत्तर त्या आकड्यावर उभं आहे, प्रोटीनवर नाही.

आणि पद्धत कुठलीही घ्या, आधी फाइल बघा. फाइलमध्ये असिमेट्रिक युनिट (क्रिस्टलमधला पुन्हा पुन्हा येणारा सगळ्यात लहान तुकडा) असतं, तेच खरं जैविक असेम्ब्ली (प्रत्यक्ष काम करणारा चेनचा पूर्ण संच) असेल असं नाही, आणि एकाच साइडचेनच्या दोन पोझिशन दिल्या असतील तर दोन्ही मोजल्या जाऊ नयेत. सिकल सेलचं उदाहरण घ्या, बीटा चेनमधला ६ नंबरचा व्हॅलिन शेजारच्या हिमोग्लोबिन रेणूतल्या फिनाइलॲलॅनिन ८५ आणि ल्युसिन ८८ ला जाऊन टेकतो. एकटा टेट्रामर (चार चेनचा एकच हिमोग्लोबिन रेणू) उघडलात तर कुठलाही कटऑफ लावा, हा कॉन्टॅक्ट दिसणारच नाही. अल्फाफोल्ड या स्ट्रक्चर प्रेडिक्शनच्या प्रोग्रॅमचं मॉडेल असेल तर ७० च्या खालच्या पीएलडीडीटीचे (रेसिड्यूच्या जागेवर किती भरवसा ठेवायचा याचा १०० पैकी स्कोअर) रेसिड्यू मी हिशोबातून काढते, आणि दोन डोमेनमधल्या कॉन्टॅक्टसाठी तेवढंही पुरत नाही, दोन्ही डोमेनचा पीएलडीडीटी ९० च्या वर असून त्यांची एकमेकांसापेक्ष जागा चुकलेली असू शकते, तिथे पीएईचा (दोन भागांच्या सापेक्ष जागेतल्या अंदाजित चुकीचा) प्लॉट उघडून बघावाच लागतो.