ओझर्डे धबधबा, नवजा : मामांची जीप आणि मामींच्या हातचं जेवण

कोयनानगरला एसटीतून उतरलं की समोर वडापच्या, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या, जीपा लागलेल्या असतात, त्यातल्या एका मामांची जीप आम्ही दिवसभरासाठी ठरवली होती आणि दुपारचं जेवण त्यांच्याच घरी, त्याबद्दल लिहितेय. त्यांचा बोर्ड नाही, ऑनलाइन पेज नाही, कुठे स्टार दिलेले नाहीत, म्हणून म्हटलं आपणच लिहावं. आम्ही दोघंच होतो, जीपचे १८०० आणि जेवण माणशी २०० एवढे दिले, आणि परत जायचं ठरलं तर डोळे झाकून त्यांनाच फोन करणार.

आता सांगलीतली माणसं विचारतील की धबधबा बघायला एवढ्या लांब कशाला, पण सांगलीतल्याच माणसाला नवजा हे नाव सांगावं लागत नाही. जून संपला की आमच्या घरात सकाळी चहाच्या आधी पावसाचे तीन आकडे वाचले जातात, कोयना, नवजा, महाबळेश्वर, मग कोयना धरणात किती टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट पाणी), मग दरवाजे किती फुटांवर, मग किती क्युसेक (सेकंदाला घनफूट) सोडलं आणि शेवटी सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट. ४० फुटाला इशारा आणि ४५ ला धोका हे आमच्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ झालं. २०१९ ला ते ५७ च्या वर गेलं होतं. मारुती रोडला आमचं कटलरीचं दुकान आहे, तेव्हा माळ्यावर चढवलेला मालसुद्धा भिजला, बांगड्यांचे बॉक्स फुगून फुटले होते, चिखल काढायला बारा दिवस लागले. तेव्हापासून ह्यांना पाऊस आवडत नाही. आधी आवडायचा. लग्न झाल्यावर दोन-तीन पावसाळे आम्ही गाडीवरून कुठे कुठे फिरलो होतो, नंतर बंदच झालं सगळं, पाऊस सुरू झाला की हे मोबाइल घेऊन बसणार. म्हणून ह्या वर्षी गणपती उठल्यावर मी म्हटलं, ज्या गावाचा आकडा तुम्ही रोज वाचताय ते गाव एकदा डोळ्यानं बघून येऊ. दोन दिवस काही बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाले, बुधवारी दुकान बंद ठेवतो.

मागच्या वर्षी मी एका ट्रिपवाल्यांकडून माहेरच्या मंडळींसोबत इकडेच आले होते, नाव लिहीत नाही पण अनुभव वाईट. माणशी १४०० घेतले, दोन बस भरून माणसं, वाटेत चार ठिकाणी फोटोला थांबवलं आणि धबधब्याच्या गेटपाशी पोचेपर्यंत चार वाजून गेलेले, अर्ध्या पायऱ्या चढून खाली यायला लावलं. जेवण म्हणजे डब्यात गार झालेला पुलाव. माझी वहिनी शेवाळावरून घसरली, गुडघा सोलला, तर त्या पोरांकडे साधी पट्टीसुद्धा नव्हती. ट्रिपवाले सगळेच असे असतात असं मी म्हणत नाही, पण जंगलात माणसं न्यायची तर किमान मोजून न्यावीत.

यावेळी आम्ही एसटीनं गेलो. पहाटेची सांगली-कराड गाडी आणि कराडवरून चिपळूणकडे जाणारी. पाटण सोडलं की दोन्हीकडचे डोंगर जवळ यायला लागतात, खिडकीतून वास बदलतो, भाताच्या खाचरांचा ओला वास. दुकानात पाटणकडचे एक गिऱ्हाईक येतात त्यांनी मामांचा नंबर दिला होता, आदल्या दिवशी फोन केला तेव्हा मामांनी पहिलं विचारलं ते, "बूट कसलं हाय?" मी म्हटलं स्पोर्ट्स शूज. तर म्हणाले, "नवं आसलं तर नगा घालू, जुनं काय आसंल ते आणा." बरं झालं ऐकलं. पैशाचंही तेव्हाच फोनवर ठरलं, नंतर एक रुपया वाढवून मागितला नाही.

कोयनानगर ते नवजा साधारण दहा किलोमीटर आहे. मामांनी सगळं अंतर जीपमधून नेलं नाही, शेवटचा टप्पा राहिला तेव्हा म्हणाले, आता तुम्ही दोघं चालत या, मी पुढं गेटपाशी थांबतो, ह्या रस्त्याची मजा गाडीत नाही. आणि खरंच नव्हती. एका बाजूला कातळ, त्यावरून ठिकठिकाणी पाण्याच्या बारीक धारा थेट रस्त्यावर, दुसऱ्या बाजूला झाडांमधून मधूनच शिवसागराचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं, पाणी दिसतं. तेरडा सगळीकडे फुललेला, सोनकीपण सुरू झालेली. आम्ही दोघं असे नुसते चालत किती वर्षांनी गेलो हे मला आठवेना, घरात बोलणं होतं ते सगळं दुकान, पोरांची फी, सासूबाईंची औषधं ह्याचंच. इथं अर्धा तास आम्ही काहीच बोललो नाही आणि ते चांगलं वाटत होतं.

हे सगळं कोयना अभयारण्यात येतं, म्हणजे आपल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात, कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली तो झाला, आणि २०१२ ला पश्चिम घाटाला युनेस्कोचा जागतिक वारसा मिळाला त्यात कास, राधानगरी, चांदोली यांच्यासोबत कोयनाही आहे. त्यामुळे तिकीट काढून आत जायचं, प्लास्टिक न्यायचं नाही, मोठ्यानं गाणी लावायची नाहीत. मामा ह्याबाबतीत कडक आहेत आणि मला ते फार आवडलं. आमच्याकडे वेफर्सचं एक पाकीट होतं ते त्यांनी गाडीतच ठेवायला लावलं. पुढच्या एका ग्रुपमधला मुलगा स्पीकर घेऊन चढत होता, त्यालाही मामांनी हाक मारून समजावलं, "बाळा, हितं गवं हायती, पोरंबाळं घिऊन फिरत्यात, बंद कर ते." पोरानं केलापण बंद.

पायऱ्या वनखात्यानं बांधलेल्या आहेत, झाडीतून वर जातात. अंजनी, जांभूळ, हिरडा, बाकीची झाडं मला ओळखता आली नाहीत, मामा नावं सांगत होते. एका फांदीवर शेकरूचं घरटं दाखवलं, शेकरू काही दिसलं नाही. शिळा मात्र ऐकू येत होत्या, कोणीतरी पोरगं आडून शीळ घालतंय असंच वाटतं, तो पक्षी म्हणजे शीळकरी कस्तूर. चढ फार नाही पण दगड ओला, दम लागतो, मामांनी प्रत्येक वळणावर थांबवलं आणि स्वतः माझ्या मागे चालले, ह्यांना पुढे ठेवलं. विचारलं असं का, तर म्हणाले, घसरणारं माणूस मागं घसरतंय. साधी गोष्ट आहे, पण मागच्या वर्षी ही कुणाला सुचली नव्हती.

जळवांचं सांगायलाच पाहिजे. माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्याशेजारी बुटाच्या आत काहीतरी गार लागलं, बूट काढला तर मोज्यावर दोन आणि एक बोटांच्या मधे चिकटलेली, आधी काडीएवढी असेल, रक्त पिऊन वाटाण्याएवढी फुगलेली. मी ओरडलेच. मामांच्या हातात एक काठी असते, तिच्या टोकाला फडक्यात मीठ आणि तंबाखू बांधलेली पुरचुंडी, ती पाण्यात बुडवून त्यांनी नुसती टेकवली आणि जळू आपोआप सुटून पडली. ओढून काढायची नाही म्हणाले, जखम चिघळते. रक्त बराच वेळ थांबत नाही, घाबरायचं कारण नाही, हळद दाबून धरायची, ती त्यांच्याकडे कागदात बांधलेली होती.

आणि मग धबधबा. आवाज आधी येतो, मग गार वारा, मग झाडं एकदम संपतात आणि समोर काळा कातळ, त्याच्या माथ्यावरून पाणी पडत असतं. वर ते पाणी असतं, मधे येईपर्यंत त्याचं पीठ होतं, आणि खाली परत पाणी होऊन दगडांतून पळतं. आम्ही बरेच लांब उभे होतो तरी दोन मिनिटांत भुवयांवर थेंब जमले. पाण्यात उतरायचं नाही, मामांनी सोडलंच नाही आणि सोडूही नये, वरून दगड येतो. जुलैमध्ये आलात तर धुक्यामुळे कधी कधी काहीच दिसत नाही असं मामा म्हणाले, सप्टेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा चांगला, पाणीही असतं आणि उघडीपही मिळते. शक्यतो सुट्टीचा दिवस टाळा, आम्ही बुधवारी गेलो तर वीस-पंचवीसच माणसं होती.

हे खूप वेळ नुसते बघत होते. मला वाटलं रागावले की काय. मग मामांना विचारलं, हे पाणी कुठं जातं? मामांनी हातानं दाखवलं, खाली धरणात. आणि धरणातून? तर मामा म्हणाले, थोडं तुमच्याकडं आणि बरंच पलीकडं कोकणात. डोंगराच्या पोटातून बोगद्यानं पोफळीकडे नेऊन वीज करतात आणि ते पाणी वाशिष्ठीत जातं, हे ह्यांना माहीत होतंच, वर्षाला ६७.५० टीएमसी वीजनिर्मितीला पश्चिमेकडे जातं हेही ह्यांना तोंडपाठ. पण एकाच कड्यावरून पडलेल्या पाण्यातलं काही अरबी समुद्रात जाणार आणि काही कराड, सांगली करत कृष्णेतून बंगालच्या उपसागरात, हे तिथं उभं राहून ऐकताना वेगळंच वाटलं. नवजाला सीझनला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आमच्या सांगलीत सगळ्या वर्षात सहाशेच्या आसपास. आमच्याकडे पूर येतो तो आमच्या पावसानं येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, पण बघितलं पहिल्यांदा.

ह्यांनी मग २०१९ चं सगळं सांगितलं मामांना, दुकानाचं, बांगड्यांचं, बारा दिवसांच्या चिखलाचं. मला आठवतंय तसं ते कुणाला इतकं सलग सांगताना मी ऐकलं नव्हतं, पाहुण्यांनासुद्धा नाही. मामा सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "आमच्या आज्याचं शेत ह्याच पाण्याखाली हाय दादा. उन्हाळ्यात पाणी लय उतरलं की बांध दिसतोय." मग दोघंही गप्प बसले. मामांनी तंबाखूची डबी पुढे केली, हे तंबाखू खात नाहीत, तरी डबी हातात घेऊन थोडा वेळ बसले.

जेवण. मामांचं घर रस्त्यापासून थोडं वर आहे, शेणानं सारवलेली पडवी, तिथंच पानं मांडली. तांदळाची भाकरी मामी पाण्याच्या हातानं थापतात, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवतात आणि मग चुलीच्या तोंडाशी उभी करून शेकतात, तशी फुगलेली भाकरी मी माझ्या आजीनंतर पहिल्यांदा बघितली. मला सांगलीची ज्वारीची सवय, तरी तीन खाल्ल्या. भारंगीच्या फुलांची भाजी होती, ती कडू असते, उकडून पिळून त्यातलं पाणी काढून टाकायचं आणि मग कांदा, मिरची, भिजवलेली डाळ घालून परतायची, शेवटी थोडा कडवटपणा राहतो तोच छान लागतो. घेवड्याची आमटी, हिरव्या मिरचीचा खर्डा, दही, घरच्या भाताचा गरम भात. ज्यांना चालतं त्यांच्यासाठी खेकड्याचा रस्सा आधी सांगून मिळतो, ह्यांना हवा होता पण बुधवारी आमच्याकडे खात नाहीत. मामी वाढताना विचारत नाहीत, ताटात भाकरी पडतेच. आमटीत मीठ जरा जास्त होतं हे खरं, आणि नको म्हटलं तर ऐका हो मामी, पोट भरतं माणसाचं.

तक्रार करायची तर एकच, आणि ती मामांबद्दल नाही. वाटेवर बायकांसाठी धड सोय नाही. भिजल्यावर कपडे बदलायचे कुठे, हा प्रश्न प्रत्येकीला पडतो. मामींनी त्यांच्या आतल्या खोलीत गरम पाण्याची बादली ठेवली होती, पाय धुवायला आणि बदलायला, ह्या एका गोष्टीसाठी मी त्यांना पैकीच्या पैकी देते. जीपची मागची सीट मात्र फाटलेली आहे आणि पाऊस आला की डावीकडून आत येतो, रेनकोट घालूनच बसा.

परतताना मामांनी धरण लांबून दाखवलं. दरवाजे बंद होते. १०५.२५ टीएमसीचं धरण, वर्तमानपत्रात आकडा असतो तेव्हा कळत नाही, पाणी असं डोंगरांच्या मागे मागे जात राहिलेलं दिसतं आणि शेवट दिसतच नाही.

कराडला पोचलो तेव्हा अंधार पडला होता, आष्ट्यावरून सांगलीत शिरायला दहा वाजले. आयर्विन पुलावरून गाडी जाताना हे नेहमी पाण्याची पातळी दाखवणाऱ्या पट्टीकडे बघतात, त्या दिवशी पाण्याकडे बघत होते. म्हणाले, आपण बघितलेलं पाणी अजून धरणातच असेल. मी म्हटलं असू दे. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी आकडे वाचलेच, पण नवजाचा आकडा मला हाक मारून वाचून दाखवला.

कुणाला जायचं असेल तर कोयनानगरच्या स्टँडवर, घरी जेवण देणारे जीपवाले मामा म्हणून विचारा, तिथले लोक सांगतील. आदल्या दिवशी कळवलं तर भारंगी किंवा मिळेल ती रानभाजी करतात, आयत्या वेळी गेलात तर पिठलं-भात. सकाळी दहाच्या आत पोचा, संध्याकाळी परतीच्या एसटीची वेळ उतरल्या उतरल्या विचारून ठेवा. पुढे फोनला रेंज मिळत नाही, घरी आधीच सांगून निघा. आणि मिठाची पुरचुंडी मामांकडे असते, पण आपली एक वेगळी खिशात ठेवा.