मुलांचा विषय कोणाकडे असावा: ग्रामपंचायत, जिल्हा परिषद की राज्य?

अंगणवाडी जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाची, शाळा तिच्याच शिक्षण विभागाची, आणि घर सुटलेल्या पोरीचं प्रकरण जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीकडे, म्हणजे राज्याकडे. एका पोट्ट्याचे तीन धनी. म्हणून 'सगळं ग्रामपंचायतीकडे द्या' असा ठराव ग्रामसभेत मांडणार असाल, तर आधी हे बघून घ्या.

ग्रामपंचायतीच्या बाजूनं राज्यघटना आहेच. ७३ व्या दुरुस्तीनं आलेल्या अकराव्या अनुसूचीतल्या, पंचायतींसाठीच्या २९ विषयांपैकी २५ वा महिला व बालविकास. पण कलम २४३ छ म्हणतं, राज्य हे अधिकार देऊ शकेल. दिलेच पाहिजेत, असं नाही. जवळीक ही पंचायतीची मोठी ताकद. कोणाचं लेकरू अंगणवाडीत येत नाही, हे गावाला कोणी सांगावं लागत नाही. तीच जवळीक बालविवाहात आड येते. ग्रामसेवक हाच गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी, पण पोरीचा मामा पंचायतीचा सदस्य असला तर लग्न थांबवायला तो कोणाच्या बळावर जाणार? तिथं गावाबाहेरचं कोणी लागतंच.

राज्याकडे ते अंतर आहे, जरा जास्तच आहे. मेळघाटातल्या धारणीहून जिल्ह्याचं ठिकाण अमरावती जवळपास दीडशे किलोमीटर. मजुरी बुडवून समितीच्या तारखेला जायचं कोणी? तरी एक गोष्ट राज्यालाच जमते: गावाबाहेर गेलेल्या लेकराचा माग ठेवणं. मेळघाटातली कोरकू कुटुंबं कामासाठी बाहेर पडली की लेकरू गावाच्या हजेरीपटावरून सुटतं, आणि पंचायतीचा हात शिवेपलीकडे पोचत नाही.

माझं मत जिल्हा परिषदेकडे झुकतं. अंगणवाडी, शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र तिन्ही तिच्याकडे. लेकराचं वजन का घटलं, हे तिन्ही ठिकाणी एकदम विचारता येतं. पण २०२२ पासून निवडणुका रखडल्या, बऱ्याच जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले, आणि जाब विचारायला निवडून दिलेला माणूसच उरला नाही. हे मला फार खुपतं.

ठरावात एक मागणी नक्की घाला. ६ ते १४ वयाला कलम २१ क नं शिक्षणाचा हक्क दिला. सहाच्या आतल्यांसाठी कलम ४५ राज्यानं प्रयत्न करावा, एवढंच म्हणतं. विषय कोणाकडेही जावो, अंगणवाडीतल्या लेकरालाही तसाच हक्क मिळाला पाहिजे.