फिझबान्स ट्रेझरी ऑफ ड्रॅगन्स: कित्येक महिने टेबलवर वापरल्यावर

पुस्तक २०२१ च्या ऑक्टोबरमधलं आहे, डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, टेबलभोवती बसून भूमिका घेऊन खेळायचा खेळ) पाचव्या एडिशनचं, त्यामुळे नवीन काहीतरी आलंय म्हणून हा रिव्ह्यू लिहीत नाहीये. आमचं कॅम्पेन, म्हणजे लांबलचक चालणारी गोष्ट, गेले बरेच महिने या खेळातल्या फेरुन आणि क्रिन अशा दोन जगांमध्ये ये-जा करतंय आणि त्या सगळ्याला हेच पुस्तक धरून आहे, म्हणून लिहितेय. वीस प्रकारचे ड्रॅगन, त्यांच्या गुहा, खजिने, नवे ड्रॅगनबॉर्न (ड्रॅगनवंशी माणसांसारखे लोक), ते सगळं आहेच आणि चांगलंच आहे, पण त्यावर खूप जणांनी लिहून झालंय. मला बोलायचंय ते देवांबद्दल.

सुरुवातीलाच पहिल्या जगाची एक कविता दिलीय. बहामूट (चांगल्या ड्रॅगनांचा देव) आणि तियामात (वाईट ड्रॅगनांची देवी) दोघांनी मिळून पहिलं जग घडवलं, सार्डिओर नावाचा माणकासारखा लाल ड्रॅगन जन्माला घातला, मग बाकीचे ड्रॅगन. पुढे दुसरे देव आपापली माणसं, एल्फ, ऑर्क घेऊन आले, युद्ध झालं, तियामात कैदेत गेली आणि ते जग फुटलं. त्याचे तुकडे म्हणजे आपण आजवर खेळलो ती सगळी जगं. एका फटक्यात ग्रेहॉक, फेरुन, क्रिन, एबेरॉन सगळे भाऊबंद. आधीच्या एडिशन्समधली गोष्ट वेगळी होती. तिथे मूळ देव आयो, आणि चौथ्या एडिशनमध्ये तर त्याला कुऱ्हाडीने उभा चिरला आणि दोन अर्धांचे हे दोघं झाले, म्हणजे बहीणभाऊच म्हणा. नव्या कवितेत सृष्टी थेट या दोघांपासूनच सुरू होते. मला नवीन आवडली, कारण भांडणाला कारण मिळालं. आधी दोघं एकमेकांच्या जिवावर का उठलेत तर एक चांगला आणि एक वाईट म्हणून, बस. आता त्यात मोडलेला संसार आहे.

या कवितेतूनच पुस्तकातली सगळ्यात कामाची गोष्ट निघते, ती म्हणजे प्रतिध्वनी. पहिलं जग फुटलं तेव्हा एकेका ड्रॅगनच्या छाया अनेक जगांत विखुरल्या, म्हणजे इथल्या ड्रॅगनचा दुसऱ्या जगात एक जोडीदार असू शकतो, आणि म्हाताऱ्या ड्रॅगनला त्याची जाणीव व्हायला लागते. हे जोडीदार एक झाले की ग्रेटवर्म, म्हणजे सगळ्यात ताकदवान ड्रॅगन, तयार होतो. वाचताना मला हे जरा हवेतलं वाटलं, टेबलवर मात्र सोनं निघालं. आमच्याकडे फेरुनमधल्या अनॉरॉकच्या वाळवंटात एक निळी ड्रॅगन आहे, निळे म्हणजे गर्विष्ठ जात, वाळवंट म्हणजे स्वतःचं संस्थानच समजतात. तिला स्वप्नं पडायला लागली की आपल्या पाठीवर खोगीर आहे आणि वर चिलखत घातलेला माणूस बसलाय. कारण क्रिनवरची तिची जोडीदार तिथली दुष्ट देवी तखिसिस हिच्या फौजेत आहे, आणि तिथे निळ्या ड्रॅगनवर स्वार बसतात हे ड्रॅगनलान्स, म्हणजे क्रिनवरच्या गोष्टी, खेळलेल्या कोणालाही माहितीये. आमच्या प्लेयर्सची टोळी तिला मारायला गेली होती. तिने लढाई थांबवून विचारलं, "तुम्ही माणसं ड्रॅगनला लगाम कुठल्या जगात घालता?" पुढचे सगळे सेशन या एका अपमानावर चालले. असा व्हिलन मला स्वतःहून सुचला नसता.

आता जिथे अडतं ते. पुस्तकाचा सगळा कल असा की क्रिनचा चांगला देव पॅलाडाइन म्हणजे बहामूट आणि तखिसिस म्हणजे तियामात. जुन्या फॅन्सचं हे भांडण फार वर्षांचं आहे आणि मी पूर्वी त्यात पडत नसे, कारण विठोबा म्हणजे कृष्णच असं आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं, त्यात काय एवढं. पण आमच्यातल्या एकाचा क्लेरिक, म्हणजे देवाच्या कृपेने जादू करणारा पुजारी, क्रिनचा. तिथे महाप्रलयानंतर जवळजवळ साडेतीनशे वर्षं कुठल्याच देवाने कोणाच्याच प्रार्थनेला उत्तर दिलेलं नाही, तेच तर त्या जगाचं मूळ दुःख आहे. हा पोर्टलमधून फेरुनला आला, सवयीने पॅलाडाइनला हाक मारली आणि मी पुस्तकाप्रमाणे बहामूटला उत्तर द्यायला लावलं, म्हातारा साधू, खांद्याभोवती सात कॅनरी पक्षी, जे खरे सोनेरी ड्रॅगन असतात. सीन मस्त झाला, दोन मिनिटं सगळे गप्प. मग तो प्लेयर म्हणाला, "म्हणजे याला इकडे वेळ आहे आणि आमच्याकडे माझ्या खापरपणजोबांपासून लोक तापाने मेले तेव्हा हा पक्षी घेऊन हिंडत होता?"

याला पुस्तकात उत्तर नाही. सगळीकडे एकच देव बसवला की एका जगात त्याने केलेलं दुसऱ्या जगाच्या खात्यात लागतं. तियामातचं तर उलटंच होतं. ती एव्हर्नसमध्ये, म्हणजे नऊ नरकांतल्या पहिल्यात अडकलेली ड्रॅगनांची राणी, तर तखिसिस सगळ्या क्रिनच्या दुष्ट देवांची म्होरकी, तिला माणसं, ऑग्र, सगळेच भजतात. एक केलं की तखिसिस लहान होते.

मी शेवटी काढलेला मार्ग असा की कविता खरी नाही, ती ड्रॅगनांची पोथी आहे. ड्रॅगन काय मानतात ते त्यात आहे, आणि स्वतःपासून जग सुरू झालं असं ड्रॅगन मानणारच ना. आणि गंमत बघा, पुस्तकभर शेरे मारणारा विसरभोळा जादूगार फिझबान हा स्वतः वेषांतर केलेला पॅलाडाइन आहे, म्हणजे या खटल्यातली एक पार्टीच समासात बसून विनोद करतेय. त्याची साक्ष का मानायची? क्लेरिकच्या प्लेयरला हे पटलं आणि त्याचं कॅरेक्टर आता दोघांवरही चिडलेलं आहे.

एबेरॉनवाल्यांनी जपून. तिथे सायबेरिस, एबेरॉन, खायबर या तीन ड्रॅगनपासून जग झालंय, तीन आकडा जुळतो म्हणून सार्डिओरसकट जोडायचा मोह होतो, पण एबेरॉनची मजाच ही की तिथे देव आहेत की नाहीत हेच कोणाला नक्की माहीत नाही आणि ड्रॅगनच्या रंगावरून तो चांगला की वाईट ते ठरत नाही. जोडलंत तर तेच घालवाल. डार्क सन या सेटिंगमधल्या अथास जगाला तर देवच नाहीत आणि तिथला प्रसिद्ध ड्रॅगन म्हणजे मुळात माणूस, जादूने बदललेला. तिथे ही पोथी घेऊन जाऊच नका.

बाकी थोडक्यात. खजिन्यात पडून राहिलेली आणि ड्रॅगन मेला की जास्त ताकदवान होणारी जादूची हत्यारं आम्ही सगळ्यात जास्त वापरली. जेम ड्रॅगन, म्हणजे रत्नांचे ड्रॅगन, छान आहेत पण त्यांना पाठीशी देव म्हणून पहिल्या जगाबरोबर फुटलेला सार्डिओर सोडून काही नाही. बहामूट आणि तियामातच्या अवतारांचे स्टॅट ब्लॉक (लढाईचे आकडे) चॅलेंज रेटिंग तीसचे, म्हणजे अगदी वरच्या टोकाच्या अवघडपणाचे आहेत, तिथपर्यंत आमचं कॅम्पेन पोचेल असं वाटत नाही. नुसते प्लेयर असाल तर विकत घेऊ नका, डीएमकडून (खेळ चालवणाऱ्याकडून) दोन दिवस मागून घ्या, ड्रॅगनबॉर्न आणि ड्रेकवॉर्डन रेंजर (छोटा ड्रॅगन सोबत घेऊन फिरणारं कॅरेक्टर) बघा आणि परत करा. डीएम असाल आणि एकाच जगात खेळत असाल तरी प्रतिध्वनीवाल्या पानांसाठी घ्या.