म्यूझस्कोअरबरोबर आठ महिने: मालकंसातून पंचम हाकलताना

दिवाळीनंतर म्यूझस्कोअर हे स्वरलिपी लिहायचं सॉफ्टवेअर वापरायला घेतलं, आता आषाढ चालू आहे. मी नागपुरात ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. गणपती, नवरात्र, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आसपास भीमगीतांचे कार्यक्रम, मग लग्नं. कॉर्ड्सची (म्हणजे एकत्र वाजवायच्या सुरांच्या गटांची) वही गेल्या वर्षीच्या मे महिन्यात कूलरशेजारी ठेवून झोपलो आणि रात्रभर टाकी गळून निम्मी पानं धुतली गेली. तेव्हाच ठरवलं, पुढची वही लॅपटॉपवर. सॉफ्टवेअर फुकट आहे, हेही खरं. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्य स्वरलिपी, मला जेमतेम वाचता येतं. मला हवं होतं ते एवढंच, की गाण्याची चाल दिसावी, तिच्या डोक्यावर कॉर्ड्सची नावं असावीत आणि गायिकेनं पट्टी बदलली की सगळं एकदम सरकावं.

हे सरकवणं पहिल्याच आठवड्यात जमलं. ट्रान्सपोजच्या खिडकीत कॉर्डची नावंही बदलायची का, अशी एक चौकट आहे. तिच्यात टिक ठेवली की काळी एकमधलं गाणं पांढरी पाचमध्ये नावांसकट जातं. रेशीमबागेतल्या सुरेश भट सभागृहात कार्यक्रमाला 20 मिनिटं असताना मी हे करून गिटारवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ पाठवली आहे.

पण या लिखाणाचं कारण वेगळं आहे: कॉर्डचे प्रकार.

कॉर्ड टाकणं सोपं. सूर निवडायचा, कंट्रोल आणि के दाबायचं, नाव टाइप करायचं, स्पेस दिली की पुढे. प्रोग्राम भलताच समजूतदार आहे. मेजर सेव्हनसाठी एमएजे लिहा, एमए लिहा, नुसता मोठा एम लिहा किंवा टी दाबून त्रिकोण काढा, त्याला सगळं कळतं. हीच समजूत मला नडली, कारण तुम्ही जसं लिहिता तसंच तो कागदावर दाखवतो. चार महिन्यांत माझ्याकडे 140 गाणी झाली आणि एकाच कॉर्डची चार-चार रूपं. स्टेजवरच्या निळ्या लाइटात मेजरचा मोठा एम आणि मायनरचा छोटा एम सारखेच दिसतात. एका रिसेप्शनला गिटारवाल्यानं मेजर सेव्हनच्या जागी मायनर सेव्हन मारली आणि माझ्याकडे असं पाहिलं की काय सांगू. चूक माझीच होती, लिहिणारा मी.

मग बसून स्वतःची यादी केली. आमच्या गाण्यांना लागतात असे 13 प्रकार, प्रत्येकाचं एकच स्पेलिंग. मोठा एम कायमचा बाद.

जुन्या फाइली सुधारायला मात्र शोधा-आणि-बदला अशी सोय कॉर्डच्या नावांसाठी नाही. तिथे हा उपाय कामी आला. फाइल साध्या, न दाबलेल्या रूपात साठवायची, म्हणजे शेवटी एमएससीएक्स येतं. ती नोटपॅडमध्ये उघडते. आत प्रत्येक कॉर्डचा मूळ सूर आकड्यात असतो आणि प्रकाराचं नाव वेगळं. सी म्हणजे 14, जी म्हणजे 15, एफ म्हणजे 13; पंचमाच्या उड्यांनी मोजलेले आकडे आहेत हे लक्षात आलं तेव्हा फार गंमत वाटली. प्रकाराचं नाव एका झटक्यात बदलता येतं. पण फाइलची नक्कल आधी काढा, आणि बदल टॅगसकट (नावाभोवतीच्या टोकदार कंसांतल्या खुणांसकट) शोधून करा. मी पहिल्यांदा नुसतं अक्षर बदललं आणि गाण्याचं शीर्षकसुद्धा बिघडवून ठेवलं.

स्टाइलच्या खिडकीत कॉर्डसाठी स्टँडर्ड, जॅझ आणि कस्टम असे तीन पर्याय आहेत. मी स्टँडर्डवर आहे. कस्टममध्ये आपली एक्सएमएल फाइल देता येते. दोन रविवार त्यात घातले. त्या फाइलीत मुख्यतः अक्षरं कशी मांडायची, कुठलं वर चढवायचं, कुठलं बारीक करायचं, याचे नियम असतात. हौस असेल तर करा. स्टाइलच्या त्याच खिडकीत सुरांची नावं कशी लिहायची तेही ठरतं, आणि तिथे मी एकदा चुकून जर्मन निवडलं. जर्मन पद्धतीत बी ला एच म्हणतात. तालमीत बेसवाला विचारतो, "भाऊ, ही एच कॉर्ड कुठली काढली बे?" डो-रे-मीचा पर्यायही आहे, पण त्यात डो म्हणजे सी ठरलेला. आपला सा चालता-फिरता, त्यामुळे आपल्याला त्याचा उपयोग नाही.

आता मालकंस. आमच्याकडे या रागावरची दोन-तीन गाणी हमखास असतात. सा म्हणजे सी धरू. सूर पाच: सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नि. पंचम, म्हणजे प, वर्ज्य. सी मायनर लावली की तिच्यातला जी, म्हणजे पंचम, आपसूक येतो आणि राग तिथेच मोडतो. तयार यादीतल्या बहुतेक कॉर्ड्स पंचम गृहीत धरूनच बनलेल्या आहेत. वर्षानुवर्षं आम्ही सी मायनर दामटत होतो आणि गायक कपाळाला आठ्या घालत होता.

इथे हे सॉफ्टवेअर खरंच कामाला आलं. प्रकाराच्या नावापुढे कंसात नो फाइव्ह, म्हणजे पाचवा सूर नको, असं लिहिलं की त्याला कळतं. सी मायनर सेव्हन, नो फाइव्ह: सा, ग, नि. जोडीला एफ मायनर, एफ मायनर सेव्हन, ए फ्लॅट मेजर, बी फ्लॅट सस फोर, ई फ्लॅट सस फोर. या सगळ्या रागाच्या सुरांतच बसतात, पडताळून पाहा. डाव्या हाताला एवढ्या सहा कॉर्ड्स मिळाल्या तर अख्खं गाणं निघतं. भैरव रागाच्या गाण्यात रिषभ कोमल आणि जी सेव्हनमधला डी म्हणजे शुद्ध रिषभ, म्हणून जी सेव्हनऐवजी जी सेव्हन फ्लॅट फाइव्ह लावतो. तिचे चारही सूर भैरवातले.

खात्री कशी करायची? 2020 च्या 3.5 आवृत्तीपासून कॉर्डची नावं वाजतात. नाव निवडून प्रॉपर्टीजमध्ये इंटरप्रिटेशन लिटरल, म्हणजे लिहिलंय तसंच, ठेवायचं. तिथे जॅझ ठेवलं तर प्रोग्राम आपल्या मनाने जास्तीचे सूर घालतो, आणि मालकंसात नेमकं तेच नको. व्हॉइसिंग क्लोज ठेवलं की सूर जवळजवळ येतात. बेसवाल्यासाठी फक्त मूळ सूर वाजवायचाही पर्याय आहे. त्याहून पक्कं हवं असेल तर टूल्समधलं रिअलाइझ कॉर्ड सिम्बॉल्स वापरा. ते कॉर्ड फोडून सूर पाच रेघांवर मांडतं. मग डोळ्यांनीच दिसतं, जी कुठे शिरलाय का. उन्हाळ्यात कूलरच्या घरघरीत कानावर भरवसा ठेवण्यापेक्षा हे बरं.

वाजतं तो आवाज साधाच, ऐकवायला नाही, तपासायला. मिक्सरमध्ये कॉर्ड्सच्या आवाजाचं चॅनेल वेगळं असतं, ते बंद करून फक्त चालही ऐकता येते.

सगळी सेटिंग्ज स्टाइल फाइल म्हणून साठवून नव्या गाण्याला तीच आपोआप लागेल असं प्रेफरन्सेसमध्ये करता येतं. हे मला सहाव्या महिन्यात कळलं, पहिल्या दिवशी करा.

गणपतीला दोन महिने आहेत आणि मारवा रागाच्या कॉर्ड्सची यादी अजून अडकली आहे. तिथेही पंचम नाही, शिवाय रिषभ कोमल, मध्यम तीव्र. ए मायनर आणि एफ शार्प मायनर बसतात. सा वर मात्र सा आणि ग एवढे दोनच सूर वाजवतोय, आणि ड्रमरचं म्हणणं आहे की तिथे कीबोर्डनं गप्पच बसावं.